सहज होतं त्याच्या अर्धं

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी साडेसहाला गेलात तर नाशिकची निम्मी निवृत्त पिढी एका जागी पाहायला मिळते. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधले, ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातले, सातपूरच्या कारखान्यांतले, बँकांमधले आणि आमच्या वीज मंडळातले. कानटोपी, पांढरे बूट आणि मनगटावर मुलानं परदेशातून पाठवलेलं, पावलं मोजणारं घड्याळ. "झाली का दहा हजार?" हाच तिथला रामराम. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती, आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. हे मी ट्रॅकवर एकदा सांगून पाहिलं. एक काका म्हणाले, "असेल बुवा, पण माझी आज साडेसातच झालीयत," आणि पुढे सटकले.

हीच मंडळी साडेआठला घरी पोचली की तिथे वेगळा कायदा. "बाबा, माळ्यावरचं काही काढू नका." "आई, खाली बसू नकोस, मग उठवायला आम्ही हवेत." "गंगेवर एकट्या जाऊ नका, पायऱ्यांवर शेवाळं असतं." (गंगा म्हणजे आम्हा नाशिककरांची गोदावरी.) सगळं मायेपोटी, आणि शेवाळं असतंही. पण बाहेर दामटून चाला आणि घरात हलू नका, या दोन हुकमांच्या मधल्या जागेत म्हाताऱ्या माणसाला नेमकं काय जमतं, कसं जमतं, कुठे अडतं, हे कुणीच विचारत नाही. डॉक्टर विचारतात ते दुखतं कुठे एवढंच. आणि आपण स्वतःला तर तेवढंही विचारत नाही.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आहे. तिथे वाढदिवस, भजन, कॅरम आणि 'मधुमेह आणि आपण' छापाची व्याख्यानं होतात. तिथेच आठवड्यातल्या दोन सकाळी एक वर्ग चालतो. फलकावर 'ज्येष्ठांसाठी सौम्य हालचाल वर्ग' असं लिहिलंय. लोक त्याला झोपायचा वर्ग म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण फार खोटंही नाही, कारण पाऊण तासातला बराचसा वेळ आम्ही सतरंजीवर पडलेलेच असतो.

शिकवणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या भाचीच्या वयाची, तरी झाडून सगळे तिला ताई म्हणतात. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवढं सहज होतंय, त्याच्या अर्धं करा." आमच्या पिढीच्या घशाखाली हे उतरत नाही. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्याची लाट ज्या शाळांपर्यंत पोचली, त्या शाळांत आम्ही मोजून नमस्कार घातले. घाम आला नाही तर तो व्यायाम कसला? ओझरचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, आमच्याकडे अर्धं काम केलं असतं तर मिग उडालं नसतं." ताई हसली आणि म्हणाली, "काका, मग त्याच्याही अर्धं करा."

ही पद्धत तिची स्वतःची नाही. मोशे फेल्डनक्राइस नावाच्या माणसाची आहे. आपण पूर्ण प्रशिक्षित शिक्षिका नाही, त्याला तीन-चार वर्षं लागतात, आपण शिकून जे आपल्या माणसांना झेपेल तेवढंच घेतो, हे ती स्वतःहून सांगते. मला ती तिथेच पटली. फेल्डनक्राइस १९०४ साली आजच्या युक्रेनमधल्या स्लावुता गावात जन्मला. पोरवयात पॅलेस्टाइनला गेला. पुढे पॅरिसला जाऊन इंजिनीअर झाला, शास्त्रज्ञ जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि ज्युदोचे जनक जिगोरो कानो पॅरिसला आले तेव्हा त्यांना भेटून ज्युदोच्या नादी लागला. तरुणपणी फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा जायबंदी झाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्या हुडकण्याच्या तंत्रावर काम करत होता, त्या काळात गुडघ्यानं फारच छळलं, आणि शस्त्रक्रियेनं बरं वाटेलच अशी हमी मिळेना. तेव्हा या गृहस्थानं यंत्राकडे बघावं तसं स्वतःच्या चालण्याकडे बघायला सुरुवात केली. पाऊल टेकतं तेव्हा भार कुठून कुठे जातो, कंबर काय करते, बरगड्या हलतात की नाही, मान कशाला आखडते. (यावरून कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन पुढे ढकलू नका. माझ्या नवऱ्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि तो पांडवलेणीच्या दोनेकशे पायऱ्या चढून येतो.)

पुढे तो इस्रायलमध्ये स्थायिक झाला आणि तेल अवीवच्या अलेक्झांडर यानाई रस्त्यावर वर्षानुवर्षं साध्यासुध्या माणसांचे वर्ग घेत राहिला. देशाचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन त्याचे विद्यार्थी. सत्तरीतले पंतप्रधान समुद्रकिनारी वाळूत शीर्षासन करताहेत, असा १९५७ सालचा एक फोटो आहे. ताईनं तो मोबाइलवर दाखवला तेव्हा हॉलमध्ये एकदम जान आली. "म्हणजे शेवटी शीर्षासनच ना!" "ते आपल्याला करायचं नाहीये," असं ताईनं तीनदा सांगितलं, तरी दोघा-तिघांच्या चेहऱ्यावरचा विचार काही जाईना.

एक धडा सविस्तर सांगते, म्हणजे झोपायच्या वर्गात काय चालतं ते कळेल.

पाठीवर आडवं व्हायचं, डोक्याखाली घडी घातलेला पंचा. काही करायचं नाही, फक्त जमीन कुठे लागतेय ते बघायचं. उजवी टाच जास्त दाबतेय की डावी? कमरेखालून हात जाईल एवढी पोकळी आहे का? डावा खवाटा टेकलाय आणि उजवा अधांतरी, असं का? ताई प्रश्न विचारते आणि उत्तर मागत नाही. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं. कुणीतरी हमखास मोठ्यानं "हो, टेकलाय" असं उत्तर देतं. मग गुडघे उभे करायचे, तळवे जमिनीवर. आता माकडहाडाच्या वरच्या भागाखाली एक घड्याळ पडलंय असं समजायचं, तबकडी वर करून. बारा बेंबीकडे, सहा माकडहाडाकडे. कंबर जमिनीकडे अलगद दाबली की वजन बाराकडे सरकतं, कमरेखाली पोकळी वाढली की सहाकडे. बारा ते सहा, सहा ते बारा. मग नऊ ते तीन. आणि ते रुळलं की काट्यासारखं गोल फिरायचं, एकेका आकड्यावरून. हालचाल इतकी बारीक की दारातून बघणाऱ्याला वाटावं, माणसं गाढ झोपलीयत.

प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका माझ्या शेजारच्या सतरंजीवर असतात. आयुष्यभर छापलेले कागद तपासण्यात गेलेला माणूस, बारीक चूक दिसली नाही तर रात्री झोप न येणारा. त्यांचं घड्याळ मधेच अडकायचं. "ताई, माझा काटा सहावरून थेट आठवर उडतो. सात येतच नाही." कंबर नेमकी त्याच बाजूला धरते हे त्यांना कित्येक वर्षं ठाऊक होतं, मलम, शेक, पट्टा सगळं करून झालं होतं. पण सात नाहीये, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. ताईनं त्यांना सात शोधायला लावलंच नाही. "सहापासून साडेसहापर्यंत जा आणि परत या. दम खा. पुन्हा जा." वर्ग संपल्यावर काका जिन्याच्या कठड्यापाशी थांबून उगाच कंबर इकडेतिकडे करत होते. कंबर दुखायची थांबली म्हणाल तर नाही. पण आता ती कधी धरणार हे त्यांना आधीच समजतं आणि ते तिथपर्यंत जातच नाहीत.

अर्धं करायचं कारण मला ताईच्या तोंडून समजलं. एकोणिसाव्या शतकात वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ओझं जितकं मोठं, तितका त्यातला लहान फरक कळेनासा होतो. बाजारातून दहा किलोची पिशवी आणताना कुणी वरून कोथिंबिरीची जुडी टाकली तर हाताला पत्ता लागत नाही; तीच जुडी रिकाम्या हातावर ठेवली तर लगेच कळते. जोर लावून, दात आवळून वाकलं की आपल्याला फक्त जोरच जाणवतो. वाकताना आपण श्वास कोंडतो, खांदे वर घेतो, एकाच पायावर सगळा भार टाकतो, हे ऐकू येण्यासाठी आधी गोंगाट कमी व्हावा लागतो. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवस बसून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे विपश्यनाच की." ताई म्हणाली, "नातं आहे थोडं. पण तिथे बसून बघायचं, इथे हलता हलता."

आता एक गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही. साडी. पाठीवर झोपून गुडघे उभे करा म्हटल्यावर पहिल्या दिवशी निम्म्या बायका पदर सावरत बसूनच राहिल्या. हॉलमध्ये पुरुष, दार सताड उघडं, बाहेर चहावाला. ताईला क्षणभर उमजेना की अडलंय कुठे. पंचवटीच्या काकू माझ्यापेक्षा चांगल्या मोठ्या. चारचौघांत आडवं पडणं हेच त्यांच्या बुद्धीला पटेना. आजारी माणूस झोपतो, बाई माणूस दिवसाउजेडी झोपत नाही. मग दार लोटून घेतलं, बायकांच्या सतरंज्या भिंतीकडे गेल्या, आणि प्रत्येकीच्या पायांवर एक चादर आली. पुढच्या आठवड्यात काकू सुनेचा पंजाबी ड्रेस घालून आल्या, बाह्या कोपराच्या खाली उतरलेल्या, ओढणी दोन पिना लावून घट्ट. "कुणी हसलं तर उद्यापासून येणार नाही," असं दारातच जाहीर केलं. कुणाची टाप होती हसायची!

त्याच काकूंना ताईनं विचारलं, "काकू, कुठली बाजू हलकी वाटते?" काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काय व्हायचंय? बरं आहे सगळं." साठ वर्षं घरातल्या प्रत्येकाचं पोट, ताप, परीक्षा ज्यांनी ओळखली, त्यांना स्वतःची डावी-उजवी बाजू सांगता येईना. माझ्या मते या वर्गाचा खरा उपयोग पाठीला किंवा गुडघ्याला नाही, इथे आहे. पण हे माझं मत; ताई असलं काही बोलत नाही, ती पुढचा प्रश्न विचारते.

दुसरा माझा आवडता धडा प्लास्टिकच्या खुर्चीवरचा. आपण खुर्चीतून उठतो कसं? हात मांड्यांवर, तोंडानं "आई गं", श्वास बंद, आणि एक हिसका. पाय गुडघ्यांच्या पुढे पसरलेले असले की वजन मागेच राहतं आणि सगळी मेहनत मांड्यांवर येते. टाचा जरा मागे घेतल्या, डोकं पुढे जाऊ दिलं, छाती मांड्यांकडे झुकली, की एका क्षणी बूड आपसूक हलकं होतं. उठायचं नाही. तिथेच थांबायचं, आणि परत मागे. पुन्हा पुढे, पुन्हा थांबायचं. फेल्डनक्राइसचं म्हणणं असं की जी हालचाल मधेच कुठेही थांबवून उलट फिरवता येते, तीच नीट होत असते. खाली बसताना याची परीक्षा होते. आमच्यातले बहुतेक जण शेवटचं वीतभर अंतर स्वतःला सोडून देतात, धप्पकन. खुर्चीनं झेललं म्हणून बरं. मी आता सिटीलिंकच्या बसमध्ये थांबा यायच्या आधी टाचा मागे घेते, डोकं पुढे नेते, आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर तशीच परत बसते. यात काही शौर्य नाही, पण आधी मी मुंबई नाका यायच्या दोन थांबे आधीपासूनच दांडा धरून उभी असायचे.

पडणं हा आमच्या वयाचा खरा बागुलबुवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढची सर्वांत जास्त. तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय-सांध्यांकडून मेंदूला मिळणारी खबर. रात्री दोनला अंधारात बाथरूमकडे निघालं की डोळे बाद. साखरेच्या आजारानं तळव्यांची जाणीव बोथट झाली असेल तर दुसरा आधारही गेला. म्हणून ताई आम्हाला भिंतीला हात लावून अनवाणी उभं करते आणि वजन टाचेकडून बोटांकडे, करंगळीकडून अंगठ्याकडे नेऊन आणायला सांगते. एकदा पडलेला माणूस भीतीनं सगळं अंग ताठ करून, नजर जमिनीला खिळवून, छोटी छोटी पावलं टाकत चालतो, आणि त्या ताठरपणापायीच पुन्हा पडायचा धोका वाढतो. घरच्यांचं "जपून, जपून" त्यात भर घालतं, हे मात्र घरी सांगायची सोय नाही.

यातूनच जमिनीवरून उठण्याचा धडा आला. ब्राझीलच्या एका डॉक्टरांनी, क्लॉडिओ गिल अराउजो यांनी, २०१२ साली एक अभ्यास छापला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना आधाराविना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. दहापैकी गुण, हात टेकला की एक वजा, गुडघा टेकला की एक वजा, डगमगलं की अर्धा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. प्रेसवाल्या काकांनी हे व्हॉट्सअॅपवर वाचलं आणि सगळ्यांची परीक्षा घ्यायचा प्रस्ताव मांडला. ताईनं तो साफ उडवून लावला. हात टेकल्यानं कुणी मरत नाही, अशक्त माणसाला हात टेकावा लागतो, एवढंच त्यातून निघतं; आणि इथे कुणी गुणांसाठी गुडघा मोडून घ्यायचा नाही.

तिनं शिकवलं ते असं: पाठीवरून सरळ उठायला जायचं नाही. आधी मान आणि डोळे एका कुशीला, मग गुडघे त्यांच्यामागून, मग वरचा हात समोर टेकायचा, डोकं जमिनीजवळूनच गोल फिरवत यायचं, दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे, खुर्चीवर हात, आणि उभं. तान्ही मुलं कुशीवर वळून उठून बसतात तोच मार्ग. काकू कित्येक वर्षं हळदीकुंकवाला खुर्चीवर बसत होत्या, इतर बायका खाली. त्यांचं बालपण सराफ बाजारामागच्या वाड्यात गेलेलं. जिना इतका उभा की वरून दोर सोडलेला असायचा, तो धरून चढायचं, आणि एका हातात दुधाची चरवी. ते सांगताना त्यांचा हात आपोआप वर गेला, दोर धरल्यासारखा, आणि उजवी बाजू बगलेपासून कमरेपर्यंत मोकळी झाली. "बघा, हेच, हेच!" ताई ओरडली. काकू दचकून हात खाली घेऊन बसल्या, आणि पुन्हा करा म्हटल्यावर काही केल्या तो हात तसा जाईना.

याचा उपयोग होतो का, असं मला ट्रॅकवर विचारतात. व्यायामानं पडणं कमी होतं, याला भरपूर आधार आहे. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात शंभरावर चाचण्या आणि तेवीस हजारांवर माणसं एकत्र तपासली, तर पडण्याचं प्रमाण जवळपास पावपट घटलेलं दिसलं, आणि त्यात तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम आघाडीवर होते. फेल्डनक्राइसच्या पद्धतीचे अभ्यास मात्र लहान लहान आहेत. ऑस्ट्रेलिया सरकारच्या २०१५च्या आढाव्याला तिचा ठोस पुरावा सापडला नाही, आणि २०१९पासून खासगी आरोग्य विम्यातून तिचे पैसे मिळायचे थांबले. त्याच यादीत योग आणि 'ताई ची' हा चिनी व्यायामप्रकारसुद्धा होता, तेव्हा निदान संगत तरी वाईट नव्हती. ताईला हे ठाऊक आहे. म्हणूनच ती शेवटची दहा मिनिटं भिंतीपाशी टाचा उचलण्यात आणि उठबशांत घालते, चालायला जाऊ नका असं कधी म्हणत नाही, आणि हाडं ठिसूळ असतील, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या म्हणून परत पाठवते.

मार्चमध्ये संघाचा वार्षिक अहवाल लिहायचा होता. खजिनदार वही घेऊन वर्गात आले. नेत्रतपासणी शिबिराचे आकडे असतात, सहलीचे असतात, तसे इथलेही हवेत. "ताई, किती जणांची गुडघेदुखी गेली?"

"कुणाचीच नाही," ताई म्हणाली.

खजिनदारांनी पेन थांबवलं. प्रेसवाले काका म्हणाले, "माझं सातपर्यंत आलंय, लिहा." खजिनदारांना त्याचा काही बोध झाला नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला, 'उपक्रम समाधानकारकरीत्या सुरू आहे' असं लिहिलं, आणि सतरंज्यांच्या धुलाईचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, ते विचारायला लागले.